पेव उघडल्यावर कळेल

परवा फोनवर धाकटीने विचारले, "आजी, परदेशात कुठे काय हवंय हे तुमच्या वेळी सांगलीत बसून कसं कळायचं?" तिची जेवणाची सुट्टी संपत आली होती, म्हणून मी म्हणाले, "लिहून पाठवते." उत्तर खरे तर एका शब्दाचे आहे: कागदाने. पण तो कागद कुठून निघायचा, किती हातांतून जायचा आणि वाटेत त्यातले काय गळून पडायचे, हे मला सतराव्या वर्षी चांगलेच कळले. तेवढे सांगायला मात्र थोडी जागा लागेल.

तुमचे पणजोबा, म्हणजे माझे बाबा, सांगलीत हळदीचे अडते होते. शेतकऱ्याने आणलेली हळद त्यांच्या दुकानापुढे ओतली जायची आणि खरेदीदार ती पारखून घ्यायचे. भाव मोठ्याने बोलला जात नसे. बाबा हातावर रुमाल टाकत, खरेदीदार त्या रुमालाखाली हात घालून त्यांची बोटे दाबत, आणि किती बोटे कशी दाबली यावरून आकडा ठरे. शेजारी उभ्या माणसाला कळू नये, हीच त्यातली खुबी. बाबांच्या चेहऱ्यावर त्या वेळी काही म्हणजे काही दिसत नसे. आई म्हणायची, "जेवतानाही तसंच तोंड. भाजी खारट झालीय की आळणी, कळायला रुमाल आणावा लागेल."

मी साताऱ्याला मामांकडे राहून मॅट्रिक झाले. मामा शाळेत इंग्रजी शिकवत आणि घरातही थोडे शिकवतच राहत. पत्र लिहायचे ते समास सोडून, तारीख उजवीकडे घालून, आणि एका वाक्यात एकच गोष्ट सांगून, ही शिस्त त्यांची. मी सांगलीला परतले तेव्हा दुसरी मोठी लढाई संपून वर्ष होत आले होते. जहाजे पुन्हा माल घेऊन फिरू लागली होती आणि बाजारात सगळ्यांना वाटत होते की आता हळद समुद्रापार जाईल. पण समुद्रापारच्या बातम्या इंग्रजीत यायच्या. दुकानातल्या दिवाणजींचे मोडी अक्षर मोत्यासारखे, पण इंग्रजी कागद आला की ते चष्मा काढून पुसत बसत. त्यामुळे ते काम माझ्याकडे आले.

सरकारी व्यापारखात्याचे एक साप्ताहिक पत्रक निघे. बाबांनी ते लावले होते. बाजार बंद असे त्या दिवशी ते ओसरीवर बसत आणि मी वाचून मराठीत सांगे. त्यात परदेशी बंदरांतल्या कॉन्सलांचे अहवाल असत. कॉन्सल म्हणजे परक्या मुलखात सरकारने ठेवलेला अधिकारी. सरकार इंग्रजांचे, म्हणून कॉन्सलही इंग्रजच. खलाशांची भांडणे मिटवणे, पासपोर्ट बघणे ही त्याची कामे मला माहीत होती. पण तो बाजारही बघतो, हे पत्रकातून कळले. कुठल्या गोदीत कोणत्या देशाची साखर उतरली, तिकडच्या बायकांना कोणत्या रंगाचे कापड आवडते, खिळे पिंपातून आणलेले चालतात की पेटीतून, असे सारे तो लिहून पाठवी. अहवालाला क्रमांक असे. खाली लिहिलेले असे की अमुक मालाची चौकशी आहे, ज्यांना रस असेल त्यांनी क्रमांक देऊन लिहावे.

"आणि हे सगळ्यांना वाचायला मिळतं?" बाबांनी पहिल्यांदा विचारले.

"पत्रक घेणाऱ्या सगळ्यांना."

"मग त्यात राहिलं काय?" रुमालाखाली आयुष्य गेलेल्या माणसाला ते पटेना. थोड्या वेळाने मात्र म्हणाले, "वाच पुढं."

एकदा इराणच्या आखातातल्या एका बंदराची बातमी आली. लढाईच्या वर्षांत तिथला बाजार हळदीवाचून रिकामा पडला आहे, व्यापारी हिंदुस्थानातून माल मिळेल का अशी चौकशी करत आहेत. बाबांनी मला ते दोनदा वाचायला लावले. मग माझ्याकडून चार ओळींचे पत्र लिहून घेतले. काही आठवड्यांनी उत्तर म्हणून एक छापील फॉर्म आला. सांगली तेव्हा संस्थान होते, त्यामुळे तो कागद इतर ठिकाणांपेक्षा एका टेबलावर जास्त थांबून आला असावा. त्यावर तीन शिक्के होते.

फॉर्ममध्ये रकाने होते. मालाची जात. प्रत. तयार साठा. किती दिवसांत पाठवता येईल. रकाने बोटभर रुंद.

आता इथे तुम्हाला पेव म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. सांगलीजवळ हरिपूरला जमिनीत खोल खड्डे आहेत, तोंडाशी अरुंद आणि पोटात रुंद, घागरीसारखे. तिथली माती अशी की शेणाने लिंपून, उसाचे पाचट लावून त्यात हळद भरली आणि तोंड दगड-मातीने बंद केले की दोन-चार वर्षेसुद्धा किडीवाचून राहते. पण एक आहे. पेव एकदा उघडले की सगळेच रिकामे करावे लागते. थोडेसे उघडून बघून परत लावता येत नाही. म्हणून भरतानाच मूठभर हळद वानगी म्हणून डब्यात काढून ठेवत, आणि बंद पेवाचे सौदे त्या वानगीवर होत. आत पाणी झिरपले आहे की नाही हे उघडल्यावरच कळणार, हे विकणाऱ्याला ठाऊक आणि घेणाऱ्यालाही. इतके ठाऊक की कुणी ते बोलत नसे.

बाबांची त्या वेळी दोन पेवे भरलेली होती. मी फॉर्म घेऊन बसले आणि ते सांगू लागले.

"जात राजापुरी. प्रत... वानगी चांगली आहे. लिही, पेव उघडल्यावर कळेल."

"बाबा, ते सगळ्यांना माहीतच असतं."

"इथल्या सगळ्यांना," बाबा म्हणाले.

मी मान डोलावली. पण रकाना बोटभर. वानगीचा डबा समोर होता, त्यातली हळकुंडे मोडली तर आत केशरी निघत होती. मी 'प्रत'खाली 'उत्तम' लिहिले, 'साठा'खाली 'दोन पेवे, तयार' लिहिले. उघडल्यावरचे वाक्य इंग्रजीत मनात जुळवून पाहिले. ते लांब झाले, ओबडधोबड दिसले, आणि मला तो कागद नीटनेटका पाठवायचा होता. बाबांनी खाली मोडीत सही केली. वरचे काय लिहिले आहे ते त्यांनी विचारले नाही. का विचारावे? मी लिहिले होते.

पावसाळा आला नि गेला. त्या वर्षी कृष्णेचे पाणी हरिपूरच्या रस्त्यापर्यंत चढले आणि दोन दिवसांत उतरले. दरवर्षीच थोडेफार चढते, कुणी फार बोलले नाही.

दसऱ्याच्या सुमारास पत्रकात आमची ओळ छापून आली. गावाचे नाव, मालाचे नाव, आणि माझेच शब्द. आखातातल्या कॉन्सलने तिथल्या व्यापाऱ्यांना कळवले होते की सांगलीत उत्तम प्रतीचा माल दोन पेवे भरून तयार आहे, आणि एका व्यापाऱ्याने तो घ्यायची तयारी दाखवली होती. मी लिहिलेले समुद्र ओलांडून गेले, परत आले आणि छापले गेले! मी जवळजवळ ओरडतच वाचून दाखवले.

बाबांनी ऐकून घेतले. "आता उघडल्यावर कळेल, ते वाच."

"ते... ते छापलेलं नाही."

"त्यांनी गाळलं?"

खोटे बोलता आले असते. तीन शिक्क्यांच्या कागदावर ढकलणे फार सोपे होते. पण बाबा माझ्याकडे तसेच बघत होते, सौद्याच्या वेळी बघत तसे, आणि त्या नजरेपुढे मला कधीच जमले नाही.

"मी लिहिलंच नव्हतं," मी म्हणाले. "जागा नव्हती."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते. "तिकडं कुणीतरी माझ्या शब्दावर जहाजात जागा धरायला निघालाय," ते म्हणाले, "आणि तो शब्द मी दिलेलाच नाही."

बाजारातही बातमी पोचली. दुसऱ्या दिवशी एक खरेदीदार दुकानाच्या पायरीवरूनच म्हणाले, "काय हो अडते, जमिनीखालचं दिसायला लागलं म्हणे तुम्हाला! आमच्या विहिरीला पाणी कुठं लागेल तेवढं सांगा की." दुकानातले सगळे हसले. बाबाही हसले, पण रुमाल झटकायची गरज नसताना त्यांनी तो दोनदा झटकला.

त्यांनी माझ्याकडून दुरुस्तीचे पत्र लिहून घेतले. मग म्हणाले, "पत्र जाईल, पण तोवर माणूस फसतोय. पेवं उघडू." गिऱ्हाईक नक्की नसताना, भाव पडलेला असताना दोन्ही पेवे उघडायची म्हणजे सगळा माल अवेळी बाहेर काढायचा. आईने तेवढे बोलून दाखवले. बाबा म्हणाले, "आत काय आहे ते मला कळल्याशिवाय मी त्यांना काय कळवू?"

पत्र मिळाल्यावर व्यापारखात्याच्या मुंबईच्या कचेरीने आपला एक माणूस पाठवला. काळा कोट, छत्री, आणि बोलणे पुणेरी. बाबा म्हणाले, "तूही चल. तू लिहिलंस, तूच बघ." सकाळी आम्ही टांग्यातून हरिपूरला गेलो.

पेवे भरण्या-उघडण्यात जन्म गेलेला एक म्हातारा तिथे होता. त्याने माती काढली, दोघांनी मिळून दगड सरकवला. मी वाकून बघायला गेले तसा तो ओरडला, "मागं व्हा आक्का! पेवाला आदी श्वास घिऊ द्या. आतली हवा लय वंगाळ असती."

"किती वेळ लागेल?" कोटवाल्या साहेबांनी घड्याळ काढले.

"त्येला घड्याळ न्हाई, साहेब. कंदील सोडायचा. इझला तर थांबायचं, न्हाई इझला तर उतरायचं."

कंदील दोनदा विझला. आम्ही चिंचेखाली बसून राहिलो. तेवढ्या वेळात साहेबांनी मला त्यांच्या कचेरीची पद्धत सांगितली. मी विचारत गेले म्हणूनही असेल, किंवा त्यांनाही वेळ काढायचा होता म्हणून. एकच प्रश्न पाच-सहा बंदरांच्या कॉन्सलांना एकदम पाठवतात, म्हणजे एकाचे उत्तर दुसऱ्याच्या उत्तराशी ताडून पाहता येते. कॉन्सल जहाजाच्या कप्तानाला विचारतो, जकातीच्या कारकुनाला विचारतो, स्वतः बाजारात चक्कर मारतो. कुणाकडे दुसऱ्या देशाचा माल दिसला तर त्याचा नमुना पिशवीत घालून पाठवतो. "आमच्याकडे एक कपाट आहे," ते म्हणाले. "एका खणात तुमची हळद, शेजारच्या खणात चीनची. खणांना क्रमांक आहेत."

"आणि कॉन्सलला कुणी चुकीचं सांगितलं तर?"

"ताडून बघतो म्हटलं ना."

"पण पाचही जणांनी तसंच सांगितलं तर?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिले आणि छत्रीच्या टोकाने मातीत रेघ ओढली. "मुली, मी अकरा वर्षं हे कागद जुळवतोय. रकाना भरलेला असला की तो खरा वाटतो. रिकामा असला की वरचे साहेब विचारतात, का रिकामा? म्हणून कुणी रिकामा ठेवत नाही."

तिसऱ्यांदा कंदील जळत राहिला. म्हातारा दोराने आत उतरला. पहिले पेव सुरेख निघाले. हळकुंडे खडखडीत, पाटी ओतली की दगडांसारखा आवाज. म्हातारा वर येऊन म्हणाला, "मालक, लेकीच्या लग्नाला ठेवावी अशी हाय." मला हायसे वाटले, आणि मी बाबांकडे पाहिले. ते दुसऱ्या पेवाकडे बघत होते.

दुसरे दुपारी उघडले. वरचा थर पहिल्यासारखाच होता. निम्मे पेव होऊन गेले आणि आतून येणारा आवाज बदलला. पाट्या ओतल्या तरी खडखड होईना. मग एक कुबट वास वर आला. म्हातारा आतूनच म्हणाला, "मालक, पानी घुसलंया." तळची हळद काळी पडली होती, काही हळकुंडे बोटांनी दाबली जात होती. पुराचे ते दोन दिवस कुठे गेले होते ते आता कळले.

साहेबांनी रुमालाने नाक पुसले. "हे बघा," ते बाबांना म्हणाले, "एवढं मनावर घेऊ नका. वरचं चांगलं आहे, थोडं उन्हात घालून मिसळून टाका. तिकडे काय कॉन्सल पोती फोडून बघणार आहे? आणि छापलेलं आहे ते छापलेलं आहे. बदलायचं म्हणजे मुंबई, दिल्ली, तिथून तार... तोवर गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल."

मी बाबांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. त्या क्षणी मला मनापासून वाटत होते की त्यांनी हो म्हणावे. म्हटले असते तर माझी चूक चूक राहिली नसती.

बाबा खाली वाकले. एक चांगले हळकुंड आणि एक काळे, अशी दोन उचलून त्यांनी साहेबांच्या हातात ठेवली. "तुमच्या कपाटात दोन्ही ठेवा," म्हणाले. मग मला म्हणाले, "लिही. एक पेव चांगलं. दुसऱ्याचा तळ भिजलाय, ते विकायचं नाही. माझी चूक झाली, म्हणून लिही."

"तुमची नाही, बाबा..."

"सही कुणाची आहे?"

मी चिंचेखाली बसून, गुडघ्यावर रिकामी पाटी उपडी ठेवून ते लिहिले. कोपऱ्यात हळदीचा डाग पडला. मामांनी तो कागद फाडायला लावला असता. मी तसाच दिला.

साहेब म्हणाले होते तसेच झाले. कागद गेला, उशिरा पोचला. पण गिऱ्हाईक गेले ते दुसऱ्याच कारणाने, हे पुढे त्यांच्याच पत्रातून कळले. सांगलीची हळद येणार ही बातमी त्या बंदरात पसरताच तिथल्या व्यापाऱ्यांनी आपापली कुलूपबंद कोठारे उघडली आणि साठवलेली हळद बाजारात ओतली. बाजार रिकामा नव्हताच. कॉन्सल फिरला, त्याला दुकानांत हळद दिसली नाही, विचारले तर व्यापाऱ्यांनी हात हलवले. त्याने लिहिले, रिकामा. बंद दाराआड काय आहे ते दार उघडल्यावर कळेल, हे वाक्य त्याच्याही अहवालात नव्हते. कदाचित त्याच्याही फॉर्मचे रकाने बोटभर असतील. किंवा तिथल्या कुणी ते सांगितले असेल आणि लिहिणाऱ्याला वाक्य लांब वाटले असेल.

हा विचार मला तेव्हापासून चिकटला आहे. केवढे मोठे ते राज्य, किती बंदरे, किती शिक्के, आणि एका टोकाला बंद पेवावर बसलेली मी, दुसऱ्या टोकाला बंद कोठारापुढे उभा असलेला तो. मधल्या सगळ्या हुशार माणसांनी आमची दोन उत्तरे एकमेकांशी ताडून पाहिली, आणि ती जुळली. तुम्ही आता म्हणाल, आमच्याकडे सगळे एका क्षणात कळते. कळत असेल. रकाने किती रुंद आहेत तेवढे एकदा बघा.

बाबांनी चांगली हळद सांगलीतच विकली. भिजलेली हळद गुरांपासूनही दूर, मळ्याच्या बांधाला पुरली. मला ते एक शब्दही लावून बोलले नाहीत, आणि कामही काढून घेतले नाही. बदलले ते एकच. त्यानंतर कुठलाही इंग्रजी कागद सहीसाठी आला की ते पहिल्या ओळीवर बोट ठेवत आणि विचारत, "हे काय आहे?" मी सांगे. बोट खालच्या ओळीवर जाई. "आणि हे?" शेवटच्या ओळीपर्यंत, शिक्क्यापर्यंत, छापखान्याच्या नावापर्यंतसुद्धा. आवाजात संशय नसे. तेच मला जास्त लागे. एकेकाळी त्यांनी न विचारता सही केली होती, हे आठवायला मला कुणाची गरज नव्हती.

पुढच्या वर्षी देश स्वतंत्र झाला. त्यानंतरच्या उन्हाळ्याआधी सांगली संस्थानही विलीन झाले. मग पुन्हा तो फॉर्म आला. वरचा मुकुट जाऊन तिथे सिंह आले होते, चौकशी करणारा कॉन्सल आता आपल्याच देशाचा होता. रकाने मात्र तेवढेच बोटभर.

बाबा ओसरीवर बसले. मी दौत उघडली.

"जात राजापुरी," ते म्हणाले, आणि थांबले. पुढचे वाक्य त्यांनी सांगितले नाही. रस्त्यावरून जाणाऱ्या बैलगाडीकडे बघत राहिले.

मी कागद आडवा केला. रकान्याच्या बाहेर, समासात, जिथे काही लिहायचे नाही असे मामांनी शिकवले होते तिथे, वरपासून खालपर्यंत लिहिले की माल बंद पेवात आहे, खाली दिलेली प्रत भरतेवेळच्या वानगीची आहे, आतली प्रत पेव उघडल्यावर कळेल. अक्षरे दाटीची झाली. कागद पार बिघडला. मग तो सरळ करून त्यांच्यापुढे ठेवला.

त्यांनी टाक उचलला. मी त्यांच्या बोटाची वाट बघत होते. बोट आले नाही. त्यांनी त्या वाकड्या, दाटीच्या ओळीकडे नुसते पाहिले. वाचता येत नव्हती, पण ती कुठे आहे हे दिसत होते. आणि त्यांनी सही केली.

"बाबा, वाचून दाखवते," मी म्हणाले.

"आता कशाला?"

तरी मी वाचली. सबंध.